अडीच लाखांचा जनरेटर आणि एक एचपीचा पंप

नमस्कार काका,
दापोली तालुक्यात आमचं गाव. घरात सासू-सासरे, मी आणि दोन मुलं. मिस्टर बोटीवर, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. ‘निसर्ग’ वादळात आमच्याकडे एकोणीस दिवस लाइट नव्हती. तेव्हा सासरे ठणठणीत होते, विहिरीवर रहाटही होता. आता रहाट काढून एक एचपीचा पंप बसवलाय. विहीर घरापासून दोनशे फुटांवर आहे. सासऱ्यांना गेल्या वर्षापासून रात्री झोपताना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, मिनिटाला दोन लिटरवर. एरवीही पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास लाइट जातेच. दुकानदाराने ७.५ केव्हीए सायलेंट डिझेल जनरेटरचं अडीच लाखांचं कोटेशन दिलंय. ह्यूस्टनचे दीर म्हणतात, पूर्ण घराचा ऑटोमॅटिक घ्या, मी निम्मे पैसे घालतो. शेजारचे म्हणतात सोलर लावा, सरकार पैसे देतंय. पावसाआधी ठरवायचंय. काय घेऊ?
– एक सूनबाई

ताई,

अडीच लाखांचा घेऊ नका. दिरांचे पैसे घ्या, पण मशीन हे नाही.

दुकानदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याने तुम्हाला विचारलं असणार, घरात काय काय आहे? तुम्ही सांगितलंत: पंप, फ्रीज, गिझर, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन, टीव्ही, पाच पंखे. त्याने बेरीज मारली, वर थोडं धरलं, साडेसात केव्हीए आले (जनरेटरची ताकद केव्हीएत मोजतात). बेरीज बरोबर आहे, प्रश्न चुकला. वादळानंतर सहाव्या दिवशी तुम्ही इस्त्री करणार आहात का? आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, बेगमी करताना कुणी श्रीखंडाचा हिशेब धरत नाही. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा यांचा धरतात. लाइटचंही तसंच करा. तुमच्या घरात थांबून चालणार नाहीत अशा गोष्टी मला चारच दिसतात: सासऱ्यांचा ऑक्सिजन, पाणी, रात्रीचे दोन दिवे आणि एक पंखा, मोबाइल. फ्रीज पाचवा, आणि तो खरं तर अर्धाच.

यातली पहिली गोष्ट जनरेटरवर सोपवू नका. हे आधी सांगतो, कारण बाकी चुकलं तर गैरसोय होईल, हे चुकलं तर माणूस जाईल.

कॉन्सन्ट्रेटरच्या मागे एक पाटी असते. पाच लिटरच्या मशीनवर साधारण ३०० ते ३५० वॅट लिहिलेलं असेल. दोन लिटरवर लावलं म्हणून वीज निम्म्यावर येत नाही, आतला कॉम्प्रेसर चालायचा तसाच चालतो. आता १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी: १२ व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास कागदावर. बॅटरी पूर्ण पिळायची नसते, इन्व्हर्टरही थोडं खातो. हातात साडेअकराशे-बाराशे येतात. म्हणजे कॉन्सन्ट्रेटर तीन, फार तर साडेतीन तास. रात्र आठ तासांची आहे. दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतलात तर मशीन एकट्याने सहा-साडेसहा तास चालेल. लाइटच्या नेहमीच्या चार तासांच्या गैरहजेरीला हे पुरेसं आहे. तोच घ्या, आणि ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलेला घ्या. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर ते मशीन घुरघुरतं, तापतं आणि एक दिवस बंद पडतं.

पण एकोणीस दिवसांना बॅटरी उत्तर नाही. तिथे घरात बी टाइपचा ऑक्सिजन सिलिंडर हवा, रेग्युलेटर आणि फ्लोमीटरसह. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने बारा तासांच्या आसपास, म्हणजे दीड रात्र. दोन सिलिंडर म्हणजे तीन रात्री. वेधशाळा वादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी देते. ती आली की दोन्ही भरलेले आहेत ना, हे काटा बघून खात्री करा. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवा, चुलीपासून, देवघरातल्या समईपासून आणि सासऱ्यांच्या विडीपासून लांब. (विडी सुटली असेल अशी आशा.) रात्री लाइट गेली तर नळी मशीनवरून काढून सिलिंडरला कशी लावायची, हे सासूबाईंनाही येऊ द्या. तुम्ही त्या दिवशी खेडला गेलेल्या असाल.

आणि वादळाच्या चौथ्या दिवशी लाइट येण्याची चिन्हं नसली तर सासऱ्यांना दापोलीत किंवा चिपळूणला, जिथे लाइट आहे आणि डॉक्टर आहे तिथे हलवायचं, हे आजच ठरवून ठेवा. कुठे, कुणाच्या गाडीने, तेही. त्यांच्या डॉक्टरांशी या सगळ्याबद्दल एकदा बोला. ऑक्सिजन किती आणि मशीनशिवाय किती तास निभेल, हे ते सांगतील, मी नाही.

आता पाणी. जनरेटर केवढा घ्यायचा हे घर ठरवत नाही, विहिरीवरचा पंप ठरवतो. इथे जरा रेंगाळतो. तीसेक वर्षं मी चिपळुणात मोटरी भरायचं दुकान चालवलं. जळलेल्या वाइंडिंगचा वास अजून नाकात आहे.

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. ही झाली मोटर बाहेर देते ती ताकद. आत घेताना ती हजार-अकराशे वॅट घेते. तुमचा भाचा किंवा पुतण्या सांगेल, मग दीड केव्हीएचा जनरेटर भरपूर झाला. चालू पंपाला होतोही. पण थांबलेला पंप सुरू होताना, पहिला सेकंद-दीड सेकंद, नेहमीच्या चार ते सहा पट करंट ओढतो. पाच-सहा अँपिअरचा पंप त्या क्षणी पंचवीस-तीस मागतो. बैलगाडी चालायला लागली की एक बैलही ओढतो. चिखलातून पहिली हलवायला चौघे लागतात, तसं.

लहान जनरेटरला हे झेपलं नाही की काय होतं ते मी पाहिलंय, आणि पाहिल्यावर लक्षात राहतं. स्विच टाकला की इंजिन कण्हतं, आवाज खाली बसतो. पडवीतला दिवा पिवळा होतो. विहिरीवर पंप फिरत नाही, नुसता ‘घूंऽऽ’ करत राहतो. लोकांना वाटतं, होईल सुरू, थोडा वेळ द्या. हा दिलेला थोडा वेळच मोटर जाळतो. फिरत नसलेल्या मोटरमधून तो सगळा करंट नुसती उष्णता होऊन जातो. आधी कपॅसिटर फुगतो, मग स्टार्टिंगचं वाइंडिंग काळं पडतं. निसर्गच्या त्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या मोटरींपैकी बऱ्याच पाण्याने बिघडलेल्या नव्हत्या. भाड्याने आणलेल्या लहान जनरेटरवर लोकांनी जाळलेल्या होत्या. तेव्हा घूं ऐकू आला की दोन सेकंदांत बंद. तिसऱ्यांदा प्रयत्न नाही.

म्हणून एक एचपीला ३ केव्हीए. त्यातही पाटीवर दोन आकडे असतात: ‘मॅक्स’ आणि ‘रेटेड’. दुकानाच्या फलकावर मोठ्या अक्षरात असतो तो मॅक्स, तो काही मिनिटांपुरता. तुम्ही रेटेड वाचा, आणि तो ३ च्या जवळपास असू द्या. सुटकेसएवढे, कमी आवाजाचे इन्व्हर्टर जनरेटर मिळतात. फार गोड मशीन, मोबाइल-लॅपटॉपला उत्तम. पण त्यातल्या लहानांना पंपाचा हा पहिला धक्का सोसत नाही, ते सरळ ट्रिप होतात. तुमच्यासाठी साधा, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असलेला, जाड पोलादी चौकटीतला पेट्रोल जनरेटर. आवाज करतो. त्याला कारण आहे: ५० हर्ट्झ मिळायला त्याचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनीच फिरावं लागतं, लोड एक दिवा असो की पंप. इन्व्हर्टरवाला लोड कमी झाला की हळू होतो, म्हणून शांत. दिवसातून तीन तासांचा प्रश्न आहे, सोसा.

दुसरी गंमत तुमच्या दोनशे फुटांत आहे. घरापासून विहिरीपर्यंत वायर कुठली टाकलीय बघा. दीड एमएमची असेल तर पंप सुरू होताना त्या वायरीतच पस्तीस-चाळीस व्होल्ट खाल्ले जातात. जनरेटर आधीच वाकलेला, वर ही खोट. चार एमएमची तांब्याची असेल तर बारा-पंधरावर भागतं. महावितरणच्या लाइटवर हे कळत नाही, जनरेटरवर लगेच कळतं. वायर बदलायची नसेल तर सोपा उपाय आहे: मशीनला चाकं लावून घ्या आणि पाणी भरायच्या वेळी तेच विहिरीवर न्या. पन्नासेक किलोचं असतं, वाटेत पाखाडी (दगडी पायऱ्या) नसेल तर दोघांत जातं. मात्र विहिरीच्या काठापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. आणि पाणी खोल गेलंय म्हणून पेट्रोलवर चालणारं कुठलंही इंजिन विहिरीत उतरवायचं नाही. गॅस तळाशी साठतो, आणि गुदमरलेल्याला वर काढायला उतरलेला दुसरा माणूसही जातो. अशा बातम्या दर एक-दोन वर्षांनी वाचायला मिळतात.

दुकानदाराला एकच अट घाला: आमच्या विहिरीवर आणून आमचा पंप तीनदा सुरू करून दाखवा, मग पैसे. तयार झाला नाही तर दुसरं दुकान.

आता ज्यात पैसे सगळ्यात कमी आणि उपयोग सगळ्यात जास्त ते. तुमच्या टाकीचं माप तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक पाचशे लिटरची असणार. तिच्याशेजारी आणखी दीड हजार लिटरची घ्या. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोजचे ५५ लिटर धरतात. तुम्ही पाच माणसं, म्हणजे पावणेतीनशे. दोन हजार लिटर जपून वापरलं तर आठवडा जातो. टाकीतल्या पाण्याला पेट्रोल लागत नाही, त्याचा चार्ज उतरत नाही, पाच वर्षांनी बदलावी लागत नाही. वादळाची बातमी आली की लाइट असतानाच काठोकाठ भरा. भरलेली टाकी वाऱ्याने उडतही नाही. रिकाम्या काळ्या टाक्या निसर्गमध्ये कुणाकुणाच्या माडांत जाऊन बसल्या होत्या. मग जनरेटरवर पंप आठवड्यातून एकदा तासभर चालवला की झालं. शिवाय तो रहाट फेकला नसेल तर शोधा, आणि कप्पी-दोर तरी विहिरीवर परत लावा.

फ्रीजचं थोडक्यात. दार उघडलं नाही तर चार तास काही बिघडत नाही, म्हणजे तुमच्या नेहमीच्या लाइट जाण्याला त्याला काहीच नको. लांबलं तर सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास जनरेटरवर. दूध-भाजी निभते. सुरमई पहिल्या दिवशी खाऊन टाका.

त्याच तीन तासांत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चार्ज होतील, पण इथे फार आशा धरू नका. साधी ट्यूब्युलर बॅटरी रिकामी झालेली पूर्ण भरायला दहा-बारा तास घेते, कितीही मोठा जनरेटर लावा. इन्व्हर्टर तिला आपल्या गतीनेच पाजतो. तीन तासांत मिळेल त्यावर एक पंखा आणि दोन एलईडी रात्रभर चालतील. पंखा बीएलडीसी घ्या: जुना ७५ वॅट खातो, हा तीसेक. कॉन्सन्ट्रेटर मात्र त्यावर रात्रभर चालणार नाही. म्हणून सिलिंडर, म्हणून चौथ्या दिवशी हलवणं. लिथियम बॅटरी हीच गोष्ट दोन-तीन तासांत भरून घेते. महाग आहे, पण दिरांना पैसे घालायचेच असतील तर ते इथे घालू द्या. आणि एक बारीक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही: इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असतं. जनरेटर चालू असताना ते नॉर्मलवर करा. यूपीएसवर असला की इन्व्हर्टरला जनरेटरची थोडी खालीवर होणारी लाइट पसंत पडत नाही, तो ती घेतच नाही. तुम्ही तीन तास पेट्रोल जाळता आणि बॅटरी जिथल्या तिथे.

डिझेल का नको? साडेसात केव्हीएचं ते शेकडो किलोचं धूड एकदा सिमेंटच्या ओट्यावर बसलं की बसलं. विहिरीवर जाणार नाही. शिवाय मोठ्या डिझेल इंजिनाला अंगावर काम लागतं. फ्रीज आणि दोन पंख्यांवर त्याला तासन्‌तास फिरवलंत तर ते पुरतं तापत नाही, न जळलेलं डिझेल आणि काजळी आत धरत जातं, धूर काळा होतो, दोन वर्षांत मेकॅनिकची वारी. हॉटेलला, होमस्टेला, बर्फाच्या कारखान्याला ते शोभतं. वरची माझी यादी (दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर, ३ केव्हीए पेट्रोल, टाकी, दोन सिलिंडर, आणि चेंजओव्हर स्विच, त्याचं पुढे सांगतो) त्या कोटेशनच्या पुष्कळ खाली बसते, हे दिरांना कळवा.

दीर त्यांच्या जागी बरोबर आहेत. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने ह्यूस्टन परिसरातली वीस लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. तिथे घराबाहेर बसवलेला, लाइट जाताच आपोआप सुरू होणारा जनरेटर ज्याच्याकडे होता तो सुखात. पण तो जमिनीखालच्या पाइपातून येणाऱ्या नैसर्गिक गॅसवर चालतो. आपल्याकडे पाइप म्हणजे मोटरसायकलच्या मागे बांधलेला कॅन. त्यांनी तिकडून पाठवतो म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा: तिकडचं मशीन तिकडच्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या लाइटसाठी केलेलं असतं, आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

सोलर चांगलं आहे, बिल कमी होतं, पीएम सूर्यघरमध्ये तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदानही आहे. फक्त ते ज्यासाठी तुम्हाला हवंय त्यासाठी नाही. अनुदानातली ती साधी ऑन-ग्रिड सिस्टिम महावितरणची लाइट गेली की स्वतःहून बंद होते, भर उन्हातसुद्धा. मुद्दामच तशी केलेली असते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगात तुमच्या छपरावरचा करंट जाईल.

आणि हेच जनरेटरलाही लागू आहे. आपल्याकडे एक वाईट चाल आहे: दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप असलेली वायर करायची, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये, अख्खं घर चालू. स्वस्त, दहा मिनिटांचं काम. मेन स्विच पाडायचा राहिला तर तुमची २३० व्होल्ट लाइट मीटरमधून उलटी खांबावर, तिथून डीपीवर जाते. ट्रान्सफॉर्मरला उलट-सुलट कळत नाही. तो तिचे अकरा हजार व्होल्टच्या बाजूला हजारो व्होल्ट करून देतो. आणि पलीकडच्या वाडीत तुटलेली तार जोडायला हात घातलेला वायरमन समजत असतो की लाइन मेलेली आहे. शिवाय त्या वायरीचं एक टोक सॉकेटमधून निघालं तर उघड्या पिना जिवंत असतात, आणि तुमच्या घरात दोन मुलं आहेत. कुणी अशी वायर करून देऊ लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मीटरनंतर एक डबल पोल चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. खाली महावितरण, वर जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम जोडले जाणंच शक्य नाही. परवाना असलेल्या वायरमनकडून, आणि जनरेटरला वेगळी अर्थिंग. गिझर आणि वॉशिंग मशीनच्या एमसीबीवर लाल टेप चिकटवा: जनरेटर चालू असताना हे पाडायचे.

मशीन कुठे ठेवायचं? पडवीत नाही. हे मला दोनदा लिहावंसं वाटतं. पाऊस कोसळत असतो, मशीन भिजेल म्हणून लोक ते पडवीत घेतात, माजघराचं दार उघडंच असतं. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी जास्त चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपतो. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये, म्हणजे दिरांच्याच राज्यात, लाइट गेली तेव्हा घरात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर, शेगडी, गाडी चालू ठेवून माणसं दगावली, दिरांना विचारा. खिडक्या उघड्या ठेवल्याने भागत नाही. दारं-खिडक्यांपासून वीस फूट लांब, एक्झॉस्टचं तोंड घराकडे पाठ करून. तुमच्यासारख्या घराला मी चार जांभ्या चिऱ्यांचा ओटा आणि वर चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं छप्पर सांगेन, खळ्याच्या पलीकडे. गोठाही नको, गुरं तीच हवा घेतात. ज्या घरात एका माणसाची फुप्फुसं आधीच थकलेली आहेत तिथे याला फाटे नाहीत.

ओटा उंच करा. माझा स्वतःचा जनरेटर, जपलेला, दर महिन्याला पुसलेला, दुकानात तळाला ठेवलेला होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या दुकानात छताच्या पंख्यापर्यंत आलं. लाइट तर गेलीच, आणि लाइट गेल्यावर वापरायचं मशीन चिखलात. लोकांना शहाणपण सांगणारा मी, तीन दिवस मेणबत्तीवर होतो.

पेट्रोल. तीन तासांना अडीच-तीन लिटर धरा. घरगुती वापरासाठी विनापरवाना तीस लिटरपर्यंत ठेवता येतं, तेही धातूच्या डब्यात, आणि एक डबा पंचवीस लिटरपेक्षा मोठा नको. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या नाहीत. पंचवीस लिटरचा एक पत्र्याचा कॅन म्हणजे आठ-नऊ दिवस. वादळानंतर रस्त्यावर पडलेली झाडं हटायला आणि पेट्रोल पंपाला लाइट मिळायला तेवढे दिवस लागतातच. कॅन घराबाहेर, सावलीत, आणि ऑक्सिजन सिलिंडरच्या जवळपासही नाही. चालू किंवा गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. पंधरा मिनिटं थांबा, तेवढ्यात चहा होतो.

हे पेट्रोल वर्षभर साठवून ठेवू नका. आता त्यात इथेनॉल असतं, ते आपल्या कोकणातल्या हवेतलं पाणी ओढतं. मे महिन्यात भरा, दिवाळीला उरलेलं स्कूटरमध्ये ओता. जनरेटर ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये काही उरत नाही. वर्षानंतर ओढून-ओढून हात दुखले तरी सुरू न होणारे जनरेटर दहांपैकी आठ वेळा या एका थेंबामुळे अडलेले असतात. नवीन मशीनचं इंजिन ऑइल पहिल्या वीस तासांनी बदला, मग शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. आणि दर संकष्टीला पंधरा मिनिटं चालवा, रिकामं नव्हे, फ्रीज लावून. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही, सासूबाई आठवण करतील.

सेल्फ-स्टार्टचं घ्या, कारण मिस्टर बोटीवर आहेत. पण त्याची छोटी बॅटरी नेमकी त्या दिवशी उतरलेली असते. म्हणून दुकानात दोरी स्वतः ओढून बघा. दुकानदाराच्या पोऱ्याने नाही, तुम्ही. तीन ओढींत सुरू झालं नाही तर ते मशीन तुमच्या घरचं नाही. दापोलीत किंवा खेडमध्ये ज्याचा मेकॅनिक आहे, पार्ट मिळतात, अशाच कंपनीचं घ्या. ऑनलाइन चार हजारांनी स्वस्त मिळालेल्याचा कार्ब्युरेटर बिघडला तर त्याला कुरिअर करणार कुठे?

खरेदीचा क्रम असा धरा: या आठवड्यात सिलिंडर आणि टाकी, मग इन्व्हर्टर, मग चेंजओव्हर आणि वायर, शेवटी जनरेटर. मृगापर्यंत सगळं बसतं.

आणि त्याआधी एक काम. विहिरीवर जाऊन पंपाच्या पाटीवरची धूळ पुसा आणि फोटो काढून मला पाठवा. तुम्ही एक एचपी लिहिलंय, पण आमच्या भागात ‘एकचा’ म्हणून बसवलेले निम्मे पंप दीडचे निघतात. दीडचा निघाला तर ३ केव्हीए पुरणार नाही, साडेचार-पाचचा बघावा लागेल. नाहीतर जनरेटर तोच ठेवून पंप बदलणं स्वस्त पडेल. ते फोटो बघून सांगतो.